पंच्याहत्तर किलोमीटर लांब, चार सेंटिमीटर जाड

१०५ तास ३३ मिनिटं. ३ जून २०२२ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी अमरावती-अकोला हायवेवर लोणी ते माना या पट्ट्यात डांबराचं काम सुरू झालं, आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपलं. मधल्या चार रात्री काम थांबलं नाही. सलग ७५ किलोमीटर बिटुमिनस काँक्रीट टाकल्याबद्दल गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, २०१९ चा होता. तिथे २५.२७५ किलोमीटरला दहा दिवस लागले होते. नितीन गडकरींनी विक्रम जाहीर केला आणि त्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे एरवी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, तिथे रोलरचे व्हिडिओ फिरले.

मी मूळचा तिकडचा. अमरावतीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिव्हिलवाल्या मित्रांना आम्ही चार वर्षं ‘गिट्टी-मुरूम’ म्हणून चिडवलं. (पश्चिम महाराष्ट्रात जिला खडी म्हणतात ती आमच्याकडे गिट्टी.) पण आकडे दिसले की भागाकार केल्याशिवाय राहवत नाही, तो धंद्याचा गुण आहे. म्हणून त्या विक्रमाचे आकडे घेऊन बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे ७५ किलोमीटरचा अख्खा रस्ता पाच दिवसांत ‘बांधला’ नव्हता. ग्रुपवर सगळे तसंच म्हणत होते. सरकारी निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं की ही एका लेनची लांबी आहे. बाजूपट्टीसकट दुपदरी रस्ता धरला तर ३७.५ किलोमीटर. खालची सगळी भरणी आणि गिट्टीचे थर आधीच झालेले होते. विक्रम होता सगळ्यात वरच्या थराचा. किती जाड? एकूण डांबरी माल लागला ३६,६३४ टन. दाबून बसलेल्या मालाचं वजन घनमीटरला साधारण २.४ टन असतं, आणि दुपदरी दहा मीटरच्या रस्त्याचा अर्धा, म्हणजे पाच मीटर रुंदी धरली, तर जाडी येते सुमारे चार सेंटिमीटर. तुमच्या हातातला मोबाइल आडवा ठेवून त्यावर आणखी चार मोबाइल रचा, तेवढी.

त्या ३६,६३४ टनांत डांबर किती होतं? २,०७० टन. साडेपाच टक्क्यांच्या जरा वर. बाकी सगळी गिट्टी आणि चुरी. आपण ज्याला डांबरी रस्ता म्हणतो त्यात डांबर एवढंच असतं, लाडवात पाक असतो तेवढं.

म्हणून विक्रम खोटा ठरत नाही. फक्त तो कशाचा आहे हे नीट कळतं. १०५ तासांनी ७५ किलोमीटरला भागलं तर वेग येतो ताशी सातशे मीटर. लग्नाची वरातही याहून जरा जोरात जाते. कमाल वेगात नाहीच, न थांबण्यात आहे. डांबरी माल प्लांटमधून निघतो तेव्हा दीडशे-एकशे साठ अंशांवर असतो, आणि नव्वदच्या खाली जायच्या आत त्यावर रोलर फिरून झालेला असावा लागतो. टिपर उशिरा आला, पेव्हर थांबला, की तिथला माल थंड होतो आणि नंतरच्या गरम मालाशी तो एकजीव होत नाही. तिथे सांधा राहतो. पुढे पाणी शिरतं ते बहुतेकदा अशाच सांध्यातून. लांब पल्ल्याला सांधा येऊ द्यायचा नाही, म्हणजे ताशी सुमारे ३४७ टन गरम माल पोचत राहिला पाहिजे. वीस टनांचा टिपर धरला तर दर साडेतीन मिनिटांनी एक, दिवसरात्र, चार दिवस. ज्याने कधी सर्व्हर चालू ठेवण्यासाठी रात्रपाळी केली आहे त्याला यातली भीती कळेल. या कामावर ७२० माणसं होती. विदर्भातला जूनचा पहिला आठवडा, आणि पायाखाली दीडशे अंशांचा माल.

तारखाही बघा. ७-८ जूनला मृग लागतो. वऱ्हाडात तोवर वखरणी उरकून माणूस आभाळाकडे बघत बसलेला असतो. डांबराचंही तेच आहे, पाऊस आला की काम बंद. ज्या कंपनीने हे काम केलं त्या राजपथ इन्फ्राकॉनने आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, सातारा जिल्ह्यात पुसेगाव-म्हासुर्णे रस्त्यावर २४ तासांत एका लेनचं ३९ किलोमीटरहून जास्त डांबरीकरण केलं होतं. तेही मे महिन्याच्या शेवटी. म्हणजे ही सवयीची शर्यत होती, आणि ती पावसाशीच होती.

विक्रमाचं कौतुक सगळ्यात जास्त कुणाला वाटायला हवं होतं? त्या रस्त्याने वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्यांना. या हायवेची दुर्दशा कित्येक वर्षं गाजत होती. चौपदरीकरण सुरू व्हायचं, रखडायचं. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जायचं तर ड्रायव्हर आधी विचारायचा, ‘घाई आहे का?’ मूर्तिजापूरला माझे मामा असतात. विक्रमाची बातमी आली तेव्हा मी त्यांना फोन केला. मला वाटलं खूश असतील. ते म्हणाले, “झाला ना बाप्पा रोड. पाणी पडू दे, मंग सांगजो.”

मला तेव्हा ते नेहमीचं वऱ्हाडी कुजकट बोलणं वाटलं. पण रस्त्यांचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की मामांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते जॉन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाने दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

मॅकॅडमच्या आधीचे इंजिनिअर रस्त्याखाली मोठमोठ्या दगडांचा पाया घालत. १८१६ मध्ये मॅकॅडम ब्रिस्टलच्या रस्त्यांवर देखरेखीला आला. त्याचं म्हणणं असं, की ओझं दगड पेलत नाही, खालची माती पेलते. ती कोरडी राहिली तर कितीही वजन घेते. दगडाच्या थराचं काम छपराचं. म्हणून त्याने लहान लहान फोडलेली खडी वापरली, सहा औंसांहून जड दगड घ्यायचा नाही, आणि रस्ता मधोमध किंचित उंच ठेवला, पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून. त्यात डांबर अजिबात नव्हतं. बैलगाड्या, घोडागाड्यांच्या लोखंडी धावांनी खडी चुरली जायची, तो चुरा फटींत बसायचा, त्यावर पाणी पडलं की सगळं आवळून घट्ट व्हायचं. गाडीच रस्ता पक्का करायची.

ही पद्धत इंग्रजांनी आपल्याकडे आणली. पण वऱ्हाडात तिची गाठ काळ्या मातीशी पडली.

काळी माती कापसाला चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. रस्त्याला वाईट, त्याच कारणाने. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पाणी प्यायले की फुगतात, सुकले की आकसतात. एप्रिलमध्ये अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही शेतात जा, हात जाईल एवढ्या भेगा असतात. ऑगस्टमध्ये त्याच शेतात चप्पल अडकून राहते. यावर रस्ता ठेवायचा म्हणजे वर्षातून एकदा श्वास आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या जमिनीवर ठेवायचा. गंमत म्हणजे रस्त्याची गिट्टी आणि त्याच्याखालची ही माती, दोन्ही एकाच लाव्ह्यातून आल्या आहेत. न झिजलेला काळा दगड वर, आणि लाखो वर्षांत झिजून माती झालेला खाली.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. कापूस होता, भाव होता, पण रस्ता नव्हता. पावसाळ्यात काळ्या मातीवरून गाडी हलत नसे. दिवाळीनंतर वाटा वाळल्या की कापूस निघणार आणि मृगाच्या आत पोचला पाहिजे. सरकारने रिव्हेट-कारनॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला. उत्तर मात्र रस्त्यात सापडलं नाही, रुळांत सापडलं. १८६७ मध्ये अकोला-बडनेरा मार्गे रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. पुढे विसाव्या शतकात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे शकुंतला निघाली, तीही कापसासाठीच. रस्त्यांना मग स्टेशनापर्यंत पोचवायचं दुय्यम काम उरलं. मला वाटतं वऱ्हाडातले रस्ते पुढची कित्येक दशकं मागे राहिले त्याचं एक कारण हेच असावं. कापूस एकदा रुळांवर चढला की सरकारची गरज संपली.

रस्त्यांना पुन्हा भाव आला मोटारींमुळे, आणि डांबरही त्यांच्यामुळेच आलं. बैलगाडीची धाव खडीवर चुरा करायची आणि तो दाबायची. मोटारीचा रबरी टायर उलटं करतो, वेगात जाताना तो फटींतला चुरा खेचून काढतो. मोटार गेली की मागे धुळीचा लोट उठतो ना, तो लोट म्हणजे रस्ताच उडून चाललेला असतो. चुरा गेला की खडी सुटी, खडी सुटी झाली की पाणी आत. युरोपात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळ्यांच्या लक्षात आलं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरचा सर्व्हेयर एडगर हूली याला एका भट्टीजवळ डांबराचं पिंप सांडलेलं आणि त्यावर कुणीतरी भट्टीची मळी टाकलेली दिसली. तेवढाच तुकडा बिनधुळीचा आणि गुळगुळीत होता. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. ते डांबर कोळशाचं होतं. आज रस्त्यावर पडतं ते कच्च्या तेलाच्या रिफायनरीत तळाशी उरलेलं बिटुमेन. मराठीत दोघांनाही आपण डांबरच म्हणतो.

मोटारी आल्या, पण रस्त्याचा खर्च कुणी करायचा? १९२७ मध्ये सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ मध्ये सांगितलं की रस्ते आता जिल्ह्याच्या आणि प्रांताच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, केंद्राने हात लावला पाहिजे, आणि जो मोटार चालवतो त्याच्या पेट्रोलवर कर घेऊन पैसा उभा करावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी झाला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस. आपण आजही पेट्रोल भरताना रस्त्याचे पैसे देतो, त्या हिशोबाची सुरुवात एका मराठी वकिलाच्या अहवालात आहे. आणि डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते जिथे जमले आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गावरस्ते अशी उतरंड ठरवली, ते शहर होतं नागपूर. ती योजना ‘नागपूर प्लॅन’ म्हणूनच ओळखली जाते. अमरावती-अकोला रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाला. हजिरा ते कोलकाता. क्रमांकांची फेररचना झाल्यावर तो ५३ झाला, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून ‘सहा नंबर’च म्हणतात.

आता परत त्या चार सेंटिमीटरकडे येऊ.

या थराचं मुख्य काम ओझं पेलणं नाही. टायरला पकड देणं आणि पाणी आत जाऊ न देणं, ही त्याची दोन कामं. मॅकॅडमचं छप्परच ते, फक्त आता काळं. म्हणजे ज्या वस्तूचा विक्रम झाला ती सगळ्यात पातळ आहे, आणि तिच्यावर खालचं सगळं अवलंबून आहे. ती म्हातारी कशी होते? डांबरातले हलके अंश ऊन आणि हवेने उडतात, काळा रंग करडा होतो. मग ते ताणलं जात नाही, तडकतं. आधी केसाएवढी रेघ. तिच्यातून पाणी खाली जातं, काळी माती फुगते, वरून ट्रक जातो, रेघांचं जाळं होतं, मगरीच्या पाठीसारखं. त्यातला एक तुकडा निघाला की खड्डा. आपल्याला दिसतो तो खड्डा एका रात्रीत पडत नाही, त्याची सुरुवात आदल्या दोन-तीन पावसाळ्यांत झालेली असते.

दुसरा मार्ग चाकांचा. उन्हाळ्यात डांबर मऊ होतं आणि जड ट्रक एकाच रेषेत जात राहिले की तिथे दोन लांब घळी पडतात. इंजिनिअर त्याला काहीही म्हणोत, मराठीत शब्द आधीपासून आहे, चाकोरी. आपण तो आता फक्त ‘चाकोरीबाहेरचा सिनेमा’ वगैरेसाठी वापरतो. मुळात तो बैलगाडीच्या चाकांनी जमिनीत पाडलेल्या खुणेचा शब्द आहे. लोणी-मान्याच्या मध्ये कुठे चाकोरी पडली तर ती त्या शब्दाची घरवापसी म्हणायची.

डांबराच्या या स्वभावाची एक भन्नाट गोष्ट ऑस्ट्रेलियात आहे. क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाच्या प्राध्यापकाने १९२७ मध्ये डांबरासारखं ‘पिच’ तापवून एका नरसाळ्यात भरलं, ते तीन वर्षं बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. हातोडी मारली तर काचेसारखा फुटणारा तो पदार्थ तेव्हापासून ठिबकतो आहे. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले. म्हणजे ती वस्तू घट्ट दिसते, आहे पातळच. तिला घाई केली तर ती दगडासारखी वागते, वेळ दिला तर वाहते.

हे लक्षात घेतलं की हायवेपेक्षा पार्किंगची जागा डांबराला जड का जाते ते कळतं. आपल्याला उलटं वाटतं, उभ्या गाडीने काय होणार? धावता ट्रक एका जागी सेकंदाच्या लहानशा भागापुरता असतो. ढाब्यासमोर, जिनिंगच्या आवारात, मालाच्या गोदामाबाहेर तोच ट्रक मे महिन्याच्या दुपारी सहा तास उभा असतो, आणि डांबराला वाहायला तेवढा वेळ पुरतो. टायरखाली वाटीसारखा खळगा होतो, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. त्यात गाडीतून डिझेल-ऑइल ठिबकतं. डांबर तेलातूनच आलेलं, तेलातच विरघळतं. जागेवर स्टेअरिंग फिरवलं की वरची गिट्टी उखडते. आणि जिथे गाड्या फारशा येत नाहीत अशा कोपऱ्यात, लग्नसराईपुरत्या वापरल्या जाणाऱ्या मंगल कार्यालयाच्या मैदानात, तो थर वापराविनाच सुकून तडकतो. आपल्याकडे अशा जागांवर हल्ली पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट जास्त दिसतं. खळगा पडला की चार ब्लॉक काढा, खाली चुरी भरा, परत बसवा. दिसायला डांबर जास्त छान, पण काळ्या मातीच्या हलत्या पोटावर हे सुटे तुकडे बरे, असं माझं झालेलं मत आहे.

जिथे डांबरच आहे तिथे जुन्या थरावर नवा टाकायचा तर रीत अशी आहे. आधी तडे गेलेला थर यंत्राने खरवडून काढायचा, खोल खड्डे तळापर्यंत मोकळे करून भरायचे, झाडून धूळ काढायची, पातळ डांबराचा टॅक कोट मारायचा, मग नवा माल. खरवडलं नाही तर खालचे तडे तशाच नकाशाने वर येतात, जुन्या भिंतीला पुट्टी न भरता रंग मारल्यासारखे. शिवाय दर वेळी रस्ता चार सेंटिमीटरने उंच होतो. हायवेला त्याचं फारसं काही वाटत नाही. गावातल्या रस्त्याला वाटतं, कारण बाजूची घरं उंच होत नसतात.

गेल्या दिवाळीत मूर्तिजापूरला गेलो होतो. त्या विक्रमी पट्ट्यावरून गाडी अगदी आवाज न करता गेली. ड्रायव्हरने काहीच विचारलं नाही. मामांच्या गल्लीत वळलो. त्यांच्या घराला माझ्या लहानपणी तीन पायऱ्या होत्या, त्यावर बसून आम्ही पतंगाचा मांजा गुंडाळायचो. आता एक आहे. बाकीच्या दोन डांबरीकरणाखाली गेल्या, एकेका निवडणुकीला थोड्या थोड्या. जुनं खरवडायला कुणी येत नाही, त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेलेच नसतात म्हणे. जोराचा पाऊस झाला की रस्त्याचं पाणी ओसरीत येतं. मामांनी दारासमोर विटांचा वीतभर बांध घातला आहे आणि तो ओलांडून घरात जायचं. जाताना ते म्हणाले, “पाय उचलून ये, बाप्पा. यंदा परत रोड मंजूर झाला.”